वर्ग फलनाचे व्यस्त फलन : उलट वाटेचे गणित



स्मरणिकेत गणितावर लेख, आणि तोही कला शाखेच्या पदवीधराने लिहिलेला, हे पाहून काहींना नवल वाटेल. माझे पोट बँकेच्या काउंटरवर आकड्यांवरच चालते, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि खरे कारण निराळे आहे. अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांबरोबर बसले की दर वर्षी एक गोष्ट दिसते. दहावीला बीजगणितात चांगले गुण मिळविलेली मुलेमुली अकरावी विज्ञानाला जातात आणि 'फंक्शन्स' या धड्यापाशी येऊन थबकतात. दहावीपर्यंत पुस्तक मराठीत होते, आता ते इंग्रजीत आहे. डोमेन, रेंज, वन-वन, इन्व्हर्स असे शब्द एकामागून एक येतात. घरात विचारावे असे कोणी नसते. दिवाळीपर्यंत त्यांतील काही जण गणितच सोडायचे ठरवतात, आणि त्या एका निर्णयाने अभियांत्रिकीपासून संख्याशास्त्रापर्यंतची कितीतरी दारे त्यांच्यापुरती बंद होतात.

गंमत अशी, की ज्या प्रश्नाला ही मुले सर्वांत जास्त घाबरतात, म्हणजे वर्ग फलनाचे व्यस्त फलन काढणे, तो प्रश्न त्यांनी दहावीत अर्ध्याहून अधिक सोडविलेलाच असतो. फक्त त्याचे नाव बदललेले असते. हे दाखवून देण्यासाठीच हा लेखप्रपंच. हातात कागद-पेन्सिल घेऊनच वाचावे, ही विनंती.

प्रथम शब्दांचा निकाल लावू. फलन म्हणजे नियम. एक संख्या आत दिली की त्या नियमाने ठरलेली एकच संख्या बाहेर येते. आत देता येतील अशा सर्व संख्यांचा संच म्हणजे प्रांत, यालाच इंग्रजी पुस्तकात डोमेन म्हणतात. बाहेर येणाऱ्या संख्यांचा संच म्हणजे व्याप्ती, म्हणजेच रेंज. आत जाणाऱ्या संख्येला आपण क्ष म्हणू आणि बाहेर येणाऱ्या संख्येला य.

व्यस्त फलन म्हणजे याची उलट वाट. बाहेर आलेली संख्या माहीत आहे, तर आत काय दिले होते? 'सात नवे किती?' असे विचारले तर तो सरळ प्रश्न. 'सातला कितीने गुणले म्हणजे त्रेसष्ट होतील?' हा उलट प्रश्न. पाढा तोच, वाचण्याची दिशा मात्र उलटी.

'व्यस्त' या शब्दाने मराठी माध्यमाच्या मुलांचा हमखास घोटाळा होतो. हिंदी वाहिन्यांच्या संगतीने हल्ली 'मी व्यस्त आहे' असे म्हणणाऱ्यांचे सोडून देऊ. पण शाळेतच आपण 'व्यस्त प्रमाण' शिकतो, 'गुणाकार व्यस्त' शिकतो, आणि ३ चा गुणाकार व्यस्त १/३ असे पाठ करतो. पुढे व्यस्त फलनाची खूण येते तीही फ⁻¹ अशी, फच्या डोक्यावर उणे एक. साहजिकच मुले १ भागिले फ असे लिहून मोकळी होतात. तसे नाही. नियम 'वर्ग करा' असा असेल, तर ३ दिल्यावर ९ मिळतात. ९ चा गुणाकार व्यस्त १/९ आहे, त्याचा येथे काहीही संबंध नाही. व्यस्त फलनाने ९ वरून पुन्हा ३ वर आणावयाचे असते. खूण एक आणि अर्थ दोन, ही गणिताच्या लिपीतली गैरसोय आहे. ती मनाशी नोंदवून पुढे चलावे.

आता उलट वाट केव्हा सापडते ते पाहू. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन मिळत असे. स्लिप दिली की खातेदाराच्या हातात एक टोकन यायचे, आणि रोखपाल नंबर पुकारून त्या खातेदाराला खिडकीशी बोलवायचा. ही व्यवस्था चालत असे, कारण एका वेळी एका नंबराचे टोकन एकाच माणसाकडे असायचे. समजा, दोघांना ४ नंबरचेच टोकन दिले गेले असते, तर '४ नंबर' म्हटल्यावर दोघेही खिडकीशी आले असते. माणसावरून नंबर तेव्हाही सांगता आला असता. पण नंबरावरून माणूस सांगता आला नसता. ज्या फलनात दोन वेगळ्या क्षना कधीच एक य मिळत नाही त्याला 'एकास एक' फलन म्हणतात, इंग्रजीत वन-वन. अशा फलनालाच व्यस्त फलन असते. पुस्तकातली व्याख्या कितीही जड वाटली, तरी तिच्यात या टोकनांपेक्षा जास्त काही नाही.

साधे उदाहरण घ्या. संख्येची दुप्पट करा आणि ५ मिळवा:

य = २क्ष + ५

परत येताना शेवटची क्रिया आधी मोडायची. डबा भरताना आधी भाकरी ठेवतो, मग झाकण लावतो, मग फडके बांधतो. सोडताना फडके पहिले. तसेच येथे आधी ५ वजा करा, मग २ ने भागा. क्ष = (य − ५)/२. ही रीत फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीय' या ग्रंथात ती सांगितली आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ती विलोमविधी म्हणून येते : गुणले असेल तेथे भागा, मिळविले असेल तेथे वजा करा, वर्ग केला असेल तेथे मूळ घ्या.

यातल्या शेवटच्या वाक्यापाशी, 'वर्ग केला असेल तेथे मूळ घ्या' यापाशी, आपल्या विषयाचे सगळे दुखणे आहे.

य = क्ष² हे फलन घ्या. क्ष = ३ दिले तर ९. क्ष = −३ दिले तरी ९. म्हणजे ९ नंबरचे टोकन दोघांकडे गेले. आता '९ कोणाचे?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. सर्व संख्यांवर घेतलेले वर्ग फलन एकास एक नाही, म्हणून जसेच्या तसे घेतले तर त्याला व्यस्त फलन नाही. हे परीक्षेत स्पष्ट लिहावे लागते. पुष्कळ मुले थेट वर्गमूळ घेऊन मागे ± लावतात आणि काम झाले असे समजतात. पण ± हे उत्तर नाही. ते 'दोघे आले आहेत, तुम्हीच ठरवा' असे सांगणारे चिन्ह आहे, आणि फलनाला दोन उत्तरे देण्याची परवानगी नसते.

मग उपाय काय? दोघांपैकी एकालाच रांगेत उभे राहू द्यायचे. प्रांत क्ष ≥ ० एवढाच ठेवला, तर ९ हे फक्त ३ चे, आणि व्यस्त फलन क्ष = √य. प्रांत क्ष ≤ ० ठेवला, तर ९ हे फक्त −३ चे, आणि व्यस्त फलन क्ष = −√य. दोन्ही बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. चिन्ह कोणते हे वर्गमूळ काढल्यावर ठरत नसते. ते प्रांत ठरतो तेव्हाच ठरून गेलेले असते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

आता थोडे अवघड फलन घेऊ.

य = क्ष² − ६क्ष + ११, क्ष ≥ ३

डब्याची रीत येथे एकदम लागू पडत नाही. कारण क्ष दोन ठिकाणी आहे. एका क्षचा वर्ग झाला आहे, दुसऱ्याला ६ ने गुणले आहे, आणि मग त्या दोघांची वजाबाकी. शेवटची क्रिया मोडायची म्हटले तर कोणत्या क्षच्या मागे जायचे? म्हणून पहिले काम हे, की क्षला एकाच ठिकाणी आणायचे. त्यासाठीच दहावीत 'पूर्ण वर्ग पद्धती' शिकविली जाते. दुर्दैवाने ती तेथे वर्गसमीकरण सोडविण्याच्या तीन रीतींपैकी एक म्हणून येते आणि सूत्र पाठ झाले की विसरली जाते. खरे तर तिन्हींत तीच मूळ रीत आहे.

ही रीत चित्राने कशी दिसते ते पाहण्यासारखे आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादला अल्-ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरूनच पुढे 'अल्जिब्रा' हे नाव रूढ झाले. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण असे : एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, संख्या कोणती? म्हणजे क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस काढा. त्याच्या चारही बाजूंना प्रत्येकी अडीच रुंदीची पट्टी जोडा. चार पट्ट्यांचे क्षेत्रफळ मिळून १०क्ष होते, म्हणजे चौरस आणि पट्ट्या मिळून ३९. आकृती आता अधिक चिन्हासारखी दिसते आणि चार कोपरे रिकामे राहतात. प्रत्येक कोपरा अडीच गुणिले अडीच, म्हणजे सव्वासहा. चार मिळून २५. ते कोपरे भरले की मोठा चौरस पूर्ण होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४. बाजू ८. तीतून दोन्हीकडचे अडीच-अडीच वजा करा. क्ष = ३. 'पूर्ण वर्ग' म्हणजे कोपरे भरून पूर्ण केलेला चौरस, हे चित्र एकदा मनात बसले की 'निम्म्याचा वर्ग मिळवा' हे वाक्य पाठ करावे लागत नाही. (बीजगणिताला −१३ हेही येथे उत्तर म्हणून चालते. पण चौरसाची बाजू उणे कशी असेल? म्हणून अल्-ख्वारिज्मी ते सांगत नाही. त्याचा प्रांत चित्रानेच ठरविला होता.)

आता आपल्या फलनाकडे येऊ. क्षचा सहगुणक −६, त्याचा निम्मा −३, त्याचा वर्ग ९. ११ मधले ९ वेगळे काढले की

य = (क्ष² − ६क्ष + ९) + २
य = (क्ष − ३)² + २

क्ष एकाच ठिकाणी आला. आता डबा सोडा. २ मिळविले होते, ते वजा करा : य − २ = (क्ष − ३)². वर्ग केला होता, मूळ घ्या. येथे थांबून प्रांताकडे पाहायचे. क्ष ≥ ३ आहे, म्हणून क्ष − ३ ही संख्या शून्य किंवा धन आहे, म्हणून धन मूळ :

क्ष − ३ = √(य − २)
क्ष = ३ + √(य − २), य ≥ २

य ≥ २ का, तेही वरच्या रूपातच दिसते. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून य कधीच २ च्या खाली जात नाही. मूळ फलनाची व्याप्ती हाच व्यस्त फलनाचा प्रांत. हा एक गुण मुले विनाकारण गमावतात.

ताळा करून पाहा. क्ष = ५ दिले तर य = २५ − ३० + ११ = ६. परत येताना ३ + √४ = ५. बरोबर. आता प्रांत क्ष ≤ ३ असता तर? क्ष = १ दिले तरी य = १ − ६ + ११ = ६ च येतात. पण वरच्या सूत्राने परत येताना आपण १ ऐवजी ५ वर पोहोचतो, चुकीच्या घरी. त्या प्रांतासाठी क्ष = ३ − √(य − २) हेच लागते. अभ्यासिकेत मी मुलांना सांगतो, उत्तर काढल्यावर प्रांतातली एक संख्या घालून जाऊन-येऊन पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. गणितातही जाऊ नये.

पुष्कळांचा असा ग्रह असतो की धन मूळ ते खरे आणि ऋण मूळ ते टाकाऊ. हा ग्रह काढून टाकण्यासाठी चेंडूचे उदाहरण उत्तम. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वाचे त्वरण हिशेबाच्या सोयीसाठी १० धरले आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर क्ष सेकंदांनंतरची उंची

य = २०क्ष − ५क्ष²

१ सेकंदाने उंची १५ मीटर. ३ सेकंदांनीही उंची १५ मीटर. एकदा चढताना, एकदा उतरताना. 'चेंडू १५ मीटरवर केव्हा होता?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. पूर्ण वर्ग करून पाहा :

य = २० − ५(क्ष − २)²

म्हणजे २ सेकंदांनी चेंडू २० मीटर या सर्वोच्च उंचीवर असतो. चढतीचा काळ ० ते २ सेकंद. त्यात क्ष − २ शून्य किंवा ऋण असते, म्हणून चढतीसाठी क्ष = २ − √((२० − य)/५), आणि उतरतीसाठी क्ष = २ + √((२० − य)/५). येथे चढत्या चेंडूला ऋण चिन्हच लागते, आणि ते पूर्णपणे खरे आहे. य च्या जागी २५ घालून पाहा : मुळाखाली −१ येते. चेंडू २५ मीटरवर कधी गेलाच नाही, हे गणित आपल्या भाषेत सांगते.

दोन्ही उत्तरे केव्हा ठेवायची आणि एक केव्हा टाकायचे, याची सर्वांत सुंदर उदाहरणे मला भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात सापडली. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. ग्रंथातली दोन कोडी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिले : माकडांच्या कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग करावा, तितकी माकडे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? समीकरण मांडले की ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे येतात. ताळा करा : ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२, म्हणजे ४८. आणि १६ चा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२, म्हणजे १६. दोन्ही कळप खरे असू शकतात, आणि भास्कराचार्य दोन्ही ठेवतात.

दुसरे : कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग करावा, तितकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर बसलेले दिसते. कळप केवढा? (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. उत्तरे ५० आणि ५. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण क्ष = ५ घेतले तर पाचवा हिस्सा १, आणि १ मधून ३ वजा करायचे; म्हणजे वर्ग करण्यापूर्वी उणे दोन माकडे! वर्ग केल्यावर ४ होतात, समीकरणाची तक्रार नाही. पण गोष्टीत ते बसत नाही. म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर घेत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी क्ष/५ ≥ ३ हा प्रांत ओळखला आणि त्यावरून मुळाचे चिन्ह ठरविले. वर्ग करताना चिन्ह पुसले जाते. पुसलेले परत आणायचे तर गोष्टीकडे, म्हणजे प्रांताकडे, जावे लागते. यंत्र ते करून देत नाही.

विद्यार्थ्यांसाठी पुढे आणखी आहेच, पण आता सभासद बंधू-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण घेतो, कारण ते खिशाशी संबंधित आहे. १०,००० रुपये दोन वर्षांसाठी वार्षिक चक्रवाढीने ठेवले, दर क्ष (१० टक्के म्हणजे क्ष = ०.१), तर दोन वर्षांनी मिळणारी रक्कम

य = १०,०००(१ + क्ष)²

हे वर्ग फलनच आहे. (बँका प्रत्यक्षात बहुधा तिमाही चक्रवाढ धरतात, पण मुद्दा तोच.) दरावरून रक्कम काढणे ही सरळ वाट. काउंटरवर मात्र लोक उलट विचारतात : 'अमुक ठिकाणी दहाचे बारा हजार शंभर देतात, म्हणजे व्याज किती पडले?' हा व्यस्त फलनाचा प्रश्न. य ला १०,००० ने भागा, मूळ घ्या, १ वजा करा :

क्ष = √(य/१०,०००) − १

१२,१००/१०,००० = १.२१, मूळ १.१, वजा १, म्हणजे ०.१. दर १० टक्के. ऋण मूळ घेतले तर शेकडा उणे २१० असा दर येईल. तसा दर कोणी देत नाही आणि कोणी घेतही नाही. व्यवहारात क्ष ≥ ०, म्हणून धन मूळ.

आता 'दोन वर्षांत दामदुप्पट' असे सांगत दारोदार फिरणारी योजना घ्या. पुष्कळजण मनात म्हणतात, शंभराचे शंभर वाढले, दोन वर्षांत, म्हणजे वर्षाला ५० टक्के. तो सरळव्याजाचा हिशेब झाला. चक्रवाढीच्या हिशेबाने य/१०,००० = २, त्याचे मूळ सुमारे १.४१४, वजा १, म्हणजे दर साधारण ४१.४ टक्के. बँकेच्या मुदत ठेवीचा दर याच्या आसपासही नसतो. असा परतावा खात्रीने देईन म्हणणारा माणूस तुमचे पैसे कोणत्या धंद्यात घालणार आहे, ज्यात त्याला ४१ टक्क्यांहूनही जास्त सुटते? हा प्रश्न विचारायला बीजगणिताची पदवी लागत नाही. 'दोन वर्षांत दीडपट' हे ऐकायला किती साधे वाटते! १.५ चे मूळ सुमारे १.२२५, म्हणजे दर साडेबावीस टक्के. मोबाइलवर वर्गमूळाचे बटण असते. निवृत्तीची किंवा मुलीच्या शिक्षणाची रक्कम कुणाच्या हातात देण्यापूर्वी ते एकदा दाबावे.

पुन्हा अभ्यासाकडे. दहावीचे सूत्र आणि व्यस्त फलन यांचे नाते सांगायचे राहिले. कोणतेही वर्ग फलन

य = अक्ष² + बक्ष + क

असे लिहिता येते, जेथे अ शून्य नाही. य उजवीकडे नेला की अक्ष² + बक्ष + (क − य) = ०. हे दहावीचे वर्गसमीकरणच झाले. फरक इतकाच, की क च्या जागी (क − य) आला. म्हणून

क्ष = [−ब ± √(ब² − ४अ(क − य))] / २अ

म्हणजे जे सूत्र तुम्ही दहावीत पाठ केले ते य = ० या एका मूल्यासाठीची उलट वाट होती. आता तीच वाट प्रत्येक य साठी. आणि तो विवेचक, जो दहावीत 'मुळे वास्तव आहेत की नाहीत' एवढेच सांगायचा, तो आता व्याप्ती सांगतो. मघाच्या उदाहरणात विवेचक ३६ − ४(११ − य), म्हणजे ४य − ८; तो ऋण नसावा, म्हणून य ≥ २. तेच उत्तर, दुसऱ्या वाटेने. सूत्र वापरायचे की पूर्ण वर्ग करायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत पूर्ण वर्गाच्या बाजूने आहे, कारण त्यात कोणत्या बाजूचा प्रांत आणि कोणते चिन्ह हे डोळ्यांना दिसते. सूत्रात ते दिसत नाही, आणि अ ऋण असला की २अ ने भागताना चिन्हाची बाजूही फिरते.

शेवटी आलेख. दहावीच्या आलेख कागदावर य = क्ष² चा उजवा अर्धा भाग काढा : (०, ०), (१, १), (२, ४), (३, ९). मग प्रत्येक जोडीतल्या संख्यांची अदलाबदल करा : (०, ०), (१, १), (४, २), (९, ३). हा √क्ष चा आलेख. य = क्ष या तिरप्या रेषेवर कागद दुमडून उजेडासमोर धरला तर दोन्ही वक्र एकमेकांवर बसतात. पुस्तकात शेवटी क्ष आणि य ची अदलाबदल करायला सांगतात ती एवढ्यासाठीच, म्हणजे दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच अक्षांवर काढता यावेत. आधी क्षची किंमत य मध्ये काढावी, अक्षरे बदलणे अगदी शेवटी ठेवावे. सुरुवातीलाच बदलली की प्रांत कोणाचा होता हेच मुले विसरतात. डावा अर्धा भागही काढून दुमडून पाहा : आडवा पडलेला अन्वस्त मिळेल, आणि क्ष = ४ वर काढलेली उभी रेषा त्याला दोनदा छेदेल. दोन टोकनांची गोष्ट तीच, फक्त चित्रात.

पुढील उदाहरणे स्वतः सोडवावीत. उत्तरे खाली आहेत, पण ती आधी हाताने झाकावीत.

१) य = क्ष² + ४क्ष − १, क्ष ≥ −२. व्यस्त फलन काढा. प्रांत क्ष ≤ −२ असल्यास उत्तर काय होईल?

२) य = २क्ष² − १२क्ष + ७, क्ष ≤ ३. व्यस्त फलन आणि त्याचा प्रांत सांगा. (आधी पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढावे.)

३) कबड्डीच्या साखळी सामन्यांत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा खेळतो. क्ष संघ असतील तर सामने य = क्ष(क्ष − १)/२. मैदान ६६ सामन्यांपुरते मिळाले आणि सर्व सामने खेळविले, तर संघ किती? नेमके ५० सामने होतील अशी साखळी आखता येईल का?

उत्तरे : १) क्ष = −२ + √(य + ५), य ≥ −५; दुसऱ्या प्रांतासाठी क्ष = −२ − √(य + ५). २) य = २(क्ष − ३)² − ११, म्हणून क्ष = ३ − √((य + ११)/२), प्रांत य ≥ −११. ३) क्ष = [१ + √(१ + ८य)]/२; य = ६६ असता मुळाखाली ५२९, मूळ २३, संघ १२. य = ५० असता मुळाखाली ४०१; ती पूर्ण वर्ग संख्या नाही, म्हणून तशी साखळी होत नाही.